अक्काच्या भिंतीवरचा खिळा

भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून मी एका बाईशी हुज्जत घालत होतो, तेव्हा समीरचा फोन आला. समीर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक मुलगा, माझा भाचा. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाला. पहाटे झोपेतच... खरं सांगतो, मला आधी रडू आलं नाही, राग आला. उन्हातान्हात हिंडू नकोस असं डॉक्टरांनी बजावलेलं असताना ही बाई आदल्याच आठवड्यात भर दुपारी रिक्षा करून मखमलाबादकडच्या एका मळ्यावर गेली होती. एकटी कशी सोडू म्हणून मीही कुरकुरत बरोबर गेलो होतो.

मळा शेवंतीचा होता. शोभाबाई आणि तिचा नवरा फुलं पिकवतात आणि पंचवटीत आणून विकतात. त्यांचा मुलगा विकी कॉलेजात असताना पावडरच्या नशेच्या नादी लागला. नंतर अक्का अशा मुलांना घरी जमवायची तिथे यायला लागला, डॉक्टरांचे औषधोपचार सुरू झाले, चांगला सावरत होता, आणि एकाएकी यायचा बंद झाला. आम्ही अंगणात उभे राहिलो तसा बाप पुढे आला. "मामाच्या गावाला गेलाय तो. लय बरा हाय आता." विकीची मोटारसायकल गोठ्याशेजारी उभी होती आणि आतल्या खोलीला बाहेरून कडी होती. अक्कानं त्या कडीकडे बघत विचारलं, "माळ तुटली का हो?" शोभाबाईनं पदर तोंडाला लावला. "तुटली तर तुटली. ताप उलटला तर पोराला कोंडून ठेवता का? पाठवा त्याला माझ्याकडे," अक्का म्हणाली. त्या माणसानं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

ही माळेची आमच्याकडची रीत आहे. व्यसन सोडायचं तर गावच्या देवळात चार लोकांसमोर शपथ घ्यायची आणि गळ्यात तुळशीची माळ घालायची; शपथ मोडली की ती तोडून काढायची. रीत वाईट नाही. माळ घालून दारू कायमची सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. पण पावडरचं व्यसन हा आजार आहे, बरा होता होता माणूस पुन्हा घसरतो, हे अक्का घसा कोरडा करून सांगायची, आणि लोक मान डोलवून घरी जायचे आणि पोराला देवळात उभं करायचे. मग पाय घसरला की सगळ्या गावासमोर नाक कापलं जाणार! पोरगं लपतं, घरचे त्याला लपवतात. ज्या दिवशी डॉक्टरकडे पळायचं, नेमक्या त्याच दिवशी दाराला कडी लागते. शिकलेली, न शिकलेली, सगळी घरं इथे सारखीच वागतात, आणि याची मला आजही चीड येते.

अक्का हे पुस्तकात वाचून बोलत नव्हती. ती शाळेत गणित शिकवायची, फार कडक. समीर असाच बिघडला तेव्हा तिनं स्वतः त्याच्या गळ्यात माळ घातली आणि म्हणाली, "ही तुटली तर मला तोंड दाखवू नकोस." समीर आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हताच. माळ तुटली, आणि त्यानं खरंच तोंड दाखवलं नाही. मालेगावच्या एका लॉजवर सापडला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. अक्कानं ओळखलं. घरी आणल्यावर तिनं त्याच्या खिशातली तुटकी माळ काढायला लावली, पुढच्या खोलीत दाराशेजारी खिळा ठोकला आणि त्याच्याच हातानं ती तिथं अडकवली. समीर त्यानंतरही घसरला, पुन्हा उठला. आज त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे.

पुढे दर गुरुवारी दुपारी त्याच खोलीत मुलं आणि त्यांचे आईबाप जमू लागले. अक्काचा नियम एकच होता. माळ तुटली तर इथे अडकव, आपल्या हातानं अडकव, पण आत ये. खिळ्यावर माळांचा झुबका झाला. मी चिडवायचो, "अक्का, हे काय पापाचं प्रदर्शन मांडलंयस?" ती म्हणायची, "पापाचं कसलं रे... हे सगळे परत आलेले. न आलेल्यांच्या माळा कुठे आहेत, ते विचार."

तेराव्याला सगळे नातेवाईक घरी जमले. देवमाणूस गेला म्हणाले. हेच लोक तिच्याकडे गर्दुल्ले येतात म्हणून तिच्या हातचा चहा टाळायचे! मी आणि समीर गुरुजींपाशी बसलो होतो, तेवढ्यात आमच्या एका चुलत वहिनींनी खिळ्यावरच्या सगळ्या माळा पिशवीत भरल्या आणि गोदावरीत सोडून आल्या. "तुटक्या माळा घरात ठेवू नयेत, भाऊजी," असं मलाच समजावलं. पुण्य पदरात पडलं त्यांच्या. समीर रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिला, आणि मी इतका ओरडलो की गुरुजी उठून बाहेर गेले.

गेल्या गुरुवारी खोली उघडून बसलो होतो. फारसं कुणी येत नाही आता. दुपारी दारात शोभाबाई दिसली. रुमालाची पुरचुंडी सोडत म्हणाली, "विकीची माळ आणलीय, दादा. टांगून जाते. ताईंच्या जीवाला बरं वाटंल."

"विकी कुठाय?"

"घरीच हाय."

"कडी काढली का?"

ती खाली बघायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंतपणी बाईला अंगणातून परत पाठवलं आणि आता तिच्या जीवाला बरं वाटावं म्हणून माळ! मी माळ तिच्या हातात परत दिली. "ही न्या. त्याच्या हातात द्या. त्यानं स्वतः येऊन अडकवायची."

"गावातून जाताना लोक बघतील ओ... माळ नाय गळ्यात त्याच्या."

"बघू द्या. लोकांना सांभाळायचंय की पोराला, ते आज ठरवा. कडी काढा, मी रिक्षा घेऊन येतो."

तिनं माळ रुमालात बांधली आणि हो-नाही काही न म्हणता गेली. येईल का तिचा विकी? मला माहीत नाही, आणि सांगायला अक्का नाही.

मी उठून खिळा चाचपून पाहिला. माळा काढताना वहिनींनी हिसका दिला असावा, तो सैल झाला होता. स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि ठोकला. आता हलत नाही.