कादंबरीतून गाळलेला शब्द

कार्त्यायनीच्या कापडी पिशवीत एका वेळी अठरा पुस्तकं मावायची. आठवड्यातले चार दिवस ती पिशवी खांद्याला अडकवून कालव्याच्या काठानं ती घरोघर फिरे. बायकांना घरपोच पुस्तकं द्यायचं काम गावच्या वाचनालयानं तिच्याकडे दिलं त्याला सव्वीस वर्षं झाली होती. त्याआधी ती काथ्या कुटायची. हातांवरचे घट्टे अजून गेले नव्हते. पुस्तक टाकाऊ असेल तर तोंडावर सांगायची, "हे नको घेऊस बाई, पानापानावर नायिकेचं नाक गळतंय." केरळातल्या अलप्पुळ्याजवळच्या त्या गावात तिच्या शब्दाला वजन होतं. एकाच बाबतीत तिचा शब्द कुणी खरा मानला नव्हता.

ती बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कैमलांच्या मोठ्या घरातला अच्युत आणि काथ्या कुटणारी कार्त्यायनी, दोघांनी नोंदणी लग्न करायचं ठरवलं. वेळ सकाळी अकराची, साक्षीला मैत्रीण सरोजिनी. कचेरीला कुलूप लागेपर्यंत कार्त्यायनी पायरीवर बसून होती. अच्युत आलाच नाही. गावात मात्र कैमलांकडून भलतंच पसरलं: मुलगा बिचारा दिवसभर ताटकळला, पोरगीनंच ऐन वेळी कच खाल्ली. सरोजिनीनं घसा फोडून सांगितलं, पण मोठ्या घरापुढे तिला कोण विचारतो! अच्युत दिल्लीला नोकरीवर निघून गेला, आणि इकडे 'पळपुटी' हे नाव कार्त्यायनीला चिकटलं ते चिकटलंच.

म्हणून निवृत्त होऊन परतलेल्या अच्युत कैमलची कादंबरी आली, आणि ती श्रीमंत मुलगा नि काथ्यावाली यांच्या प्रेमाची आहे असं कळलं, तेव्हा बाईनं पहिली प्रत स्वतःसाठीच पिशवीत टाकली. पुस्तकांवर तिची भाबडी श्रद्धा. माणूस तोंडानं खोटं बोलेल, पण दोनशे पानं बसून खोटं कसं लिहील?

दुपारी कांजीचा वाडगा पुढ्यात घेऊन तिनं कादंबरी उघडली. कांजी गार झाली, वर साय धरली, तिला पत्ता नाही. शेवटचं पान संपेपर्यंत ती जागची उठली नाही. नायक पावसात दिवसभर कचेरीच्या दारात उभा होता. काथ्यावाली घाबरून आली नव्हती, आणि पश्चात्तापानं तिनं कायलच्या खोल पाण्यात जीव दिला होता.

"सरोजिनी, मारून टाकलं गं मला!" ती मैत्रिणीच्या दारात जाऊन ओरडली. "एकशे नव्वदाव्या पानावर!"

"फोटोला हार घातलाय का?"

"चेष्टा नको! आणि ऐक, ही बया त्याला काय म्हणते माहितीये? 'मालक, आपल्या पायांची धूळ मी!' मी म्हणाले असते असं कधी?"

"तू? तू तर त्याला सरळ 'एडा' म्हणायचीस."

एडा म्हणजे आपलं 'अरे'. मराठी कानाला 'वेडा' ऐकू येईल, आणि तेव्हा तो होताही तसाच. कैमलांच्या घरच्याला काथ्यावालीनं एडा म्हणणं गावानं ऐकलं असतं तर तिचं घर जाळलं असतं. नारळीच्या बागेत, कुणी नसताना म्हणायची. तो तेवढ्यासाठी यायचा. दोनशे बारा पानांत तो शब्द एकदाही नव्हता. तिला याचाच सगळ्यात मोठा धक्का बसला होता. जीव घेतला ते एक वेळ ठीक, पण जीभसुद्धा कापली होती त्यानं.

रविवारी वाचनालयात लेखकाचा सत्कार झाला. चहा, डाळीचे परिप्पुवडे, दाटीवाटीनं बसलेलं सगळं गाव. नायिका खरी कोण, असं एका शिक्षिकेनं विचारलं. अच्युतनं चष्मा पुसला. "कुणी नाही हो. निव्वळ कल्पना. अशा कुणा बाईशी माझा बोलण्याइतकाही संबंध आला नाही."

पहिल्या रांगेत बसलेल्या कार्त्यायनीला कानांवर विश्वास बसेना. म्हणजे आता ती पळपुटीसुद्धा उरली नव्हती. तेवढ्यात अध्यक्षांनी पुकारलं, "आता आमच्या थोरल्या ताई, कार्त्यायनीचेची, वाचकांच्या वतीनं दोन शब्द बोलतील."

ती उठली. काल पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठे पळाली. व्यासपीठावरचा तो म्हातारा मान खाली घालून हारातलं एक फूल कुस्करत होता. तरुणपणी पानं कुस्करायचा, तसंच. आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"एडा अच्चू!"

"काय गं कार्तू?"

मान वर करायच्या आधीच तो बोलून गेला होता. ध्वनिक्षेपक चालू होता. सभागृहात कुणाचा वडा हातात राहिला, कुणाचा तोंडात. शिक्षिकेनं तर चक्क कपाळाला हात लावला. अच्युतचा चेहरा पांढराफटक पडला.

कार्त्यायनी बसली नाही.

"अकराला येतो म्हणाला होतास. मी कुलूप लागेपर्यंत पायरीवर होते. तू कुठे होतास?"

अध्यक्ष धावत ध्वनिक्षेपक बंद करायला गेले, पण सरोजिनी पाय आडवा टाकून बसली होती. अच्युतनं एकदा गावाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"घरीच होतो गं," तो म्हणाला. "माडीवर. घाबरलो होतो."