बैलाचं मुसकं आणि माझा नकार

कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा माझा नवरा अकोल्यात कापसाच्या वखारीवर कारकून होता. तो तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. आम्हा इस्राएल, म्हणजे यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रात अशा विधवेने दिराशी लग्न करावं असं आहे. त्याच्या लगेच आधीचा नियम असा, की मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये.

हे दोन नियम शेजारीशेजारी का, ते माझ्या थोरल्या भावाने, दादानेच मला लहानपणी समजावलं होतं. "दिराच्या अंगावर फोड असतील तर ती नाही म्हणू शकते. तिचं तोंड बांधायचं नाही, म्हणून बैलाचा नियम तिथे आला."

माझ्या दिराचं अंग फोडांनी चिघळलेलं होतं. तरी दादाने मला न विचारता होकार कळवला. दिराने त्याला आपल्या कापसाच्या दलालीत भागी देऊ केली होती.

"दादा, तूच शिकवलंस ना मला?"

"ते नुसतं वाचायचं असतं," तो खाली बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चार माणसांसमोर मी नाही म्हटलं. लग्न मोडलं. अमरावतीला जाऊन मी शिवणकाम धरलं. दिरावर माझा राग नव्हता, तो बिचारा आजारी होता. दादाची पत्रं मात्र मी अजूनही न उघडता ठेवून देते.