आमच्या साडूंच्या विमानाची गळती

आमच्या थोरल्या साडूंचं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं म्हणून ते तीस वर्षं काचा घासतायत आणि या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे मी धाकटा साडू असूनही कबूल करतो. अशा माणसाला स्वतःच्या हातांनी बांधलेल्या विमानातून तेल कुठून गळतंय हे सात महिने दिसू नये, ही हकिगत मी निव्वळ सहानुभूतीपोटी सांगतो आहे.

विमान दोन माणसांचं. बांधायला लागली अकरा वर्षं. त्यातली पहिली चार ते घरातच होतं. डावा पंख पुढच्या खोलीत, उजवा झोपायच्या खोलीत आणि शेपूट जिन्याखाली. पाहुण्यांना आधी विचारलं जायचं, "पंखाच्या अलीकडे बसता की पलीकडे?" माझी थोरली मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, हॉस्पिटलात वॉर्डच्या मुख्य नर्स. दिवसभर तीस रोगी सांभाळून घरी आल्या की स्वयंपाकघरात जायला त्यांना पंखाखालून वाकावं लागायचं. कंबर धरली तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "एक तर हे घर सोडेल, नाही तर मी." साडूंनी आठ दिवस विचार केला. आठ दिवस का लागले, हे ताईंनी अजून विचारलेलं नाही. शेवटी शहराबाहेरच्या गवती धावपट्टीच्या कडेला एक पत्र्याची शेड मिळाली आणि विमान तिकडे गेलं.

आणखी सात वर्षांनी ते उडालं. तपासनिसाने सगळे स्क्रू हलवून बघितले, कागदांवर सह्या केल्या आणि एका सकाळी साडू एकटेच बसून बारा मिनिटं घिरट्या घालून उतरले. आम्ही टाळ्या वाजवल्या. ते असे खाली उतरले की जणू उडण्याचा शोध त्यांनीच लावलाय. तेवढ्यात आमची बायको माझ्या कानाशी लागली, "भाऊजींचं विमान घामाघूम का झालंय?"

नाकापासून शेपटीपर्यंत पोट तेलाने चकाकत होतं. तपासनिसाने एक बोट फिरवलं, रुमालाला पुसलं आणि म्हणाला, "ही गळती थांबेपर्यंत चाकं जमिनीवर."

आता मोटारीतून तेल गळलं तर खाली डाग पडतो आणि बिचारा डाग तिथेच थांबतो. विमानात पंखा समोरून वारा फेकतो (साडूंसमोर त्याला पंखा म्हणायचं नाही, प्रोपेलर म्हणायचं), आणि तेल मागे मागे पसरत जातं. त्यामुळे सुटतं एकीकडे आणि सापडतं भलतीकडे. साडू म्हणाले, "दोन रविवारांचं काम आहे."

फुकटच्या सल्ल्यांना तिथे तोटा नव्हता. शेजारच्या शेडमध्ये एक गृहस्थ होते, त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. ते आयुष्यभर नदीवरच्या बोटीची तिकिटं फाडून निवृत्त झाले होते, पण टोपी तशीच होती. ते इंजिनाकडे न बघताच म्हणाले, "झाकणांखालचे गॅस्केट." साडूंनी चारही सिलिंडरांवरच्या झाकणांचे गॅस्केट बदलले. तेल गळलंच. कॅप्टन म्हणाले, "मग पुढचं सील." त्यासाठी प्रोपेलर उतरवावा लागला, परत चढवावा लागला. तेल गळलंच. मग तेलाचा दाब मोजणाऱ्या यंत्राचा जोड, मग तेल सोडायच्या बुचाचा वायसर. कॅप्टन शेवटी म्हणाले, "नवं इंजिन थोडं गळायचंच. अंगात तेल आहे, याचं समाधान माना."

सगळ्यात मोठी गंमत वेगळीच होती. साडू इंजिनावरचं मोठं झाकण काढून ठेवायचे, चाकांना ठोकळे लावायचे, वीस मिनिटं इंजिन चालवायचे आणि दुकानातलं भिंग डोळ्याला लावून खाली सरपटत जायचे. सगळं कोरडं ठणठणीत! झाकण लावून, धावपट्टीवर दोन फेऱ्या मारून आले की पोट परत तेलकट. उघडं असलं की शहाणं, झाकलं की वाह्यात. मी म्हटलं, "साडूभाऊ, लाजाळू आहे हो तुमचं इंजिन. कोणी बघत असलं की गळत नाही." माझ्याशी ते तीन आठवडे बोलले नाहीत. इंजिनाशी मात्र बोलत होते, ते मी स्वतः ऐकलंय.

दोष कोणाचा, याची यादी दर रविवारी वाढत होती. गॅस्केट करणारे चोर, सील विकणारा अडाणी, इंजिनाचा आधीचा मालक तर सरळसरळ नालायक. राहता राहिले एकटे साडू.

दुकानातही परिणाम दिसायला लागला. एक निवृत्त मास्तरीणबाई नवा चष्मा परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "मला अक्षरं दिसली तरी पुरे होतं, इंद्रधनुष्य नको." काचेवर साडूंच्या अंगठ्याचा तेलकट ठसा होता. तीस वर्षांत कोणी चष्मा परत आणला नव्हता. त्या संध्याकाळी साडू जेवले नाहीत. ताटाकडे बघत म्हणाले, "विकून टाकतो मी ते."

पुढच्या रविवारी आम्ही शेडवर पोचलो तर ताई बाह्या दुमडून उभ्या होत्या. हातात रॉकेलचा डबा, ब्रश आणि जुन्या चादरीचे तुकडे.

"आधी हे धुवा," त्या म्हणाल्या.

"अगं, धुऊन काय होणार? गळती शोधायचीय."

"जखम शोधायची तर आधी रक्त पुसायला लागतं. सात महिने तुम्ही जुन्या तेलावर नवं तेल शोधताय. भिंग लावून."

इंजिन धुतलं, पुसलं, वाळवलं. मग ताईंनी पिशवीतून पायांना लावायच्या पावडरीचा डबा काढला आणि सगळ्या इंजिनावर भुरभुरवला. कॅप्टन हसायला लागले. "ताई, आता पाळण्यात घालायचं की काय?"

"तुम्ही जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय," ताई म्हणाल्या. कॅप्टनना इतक्या थोडक्यात कोणी आवरल्याचं माझ्या तरी स्मरणात नाही. "आणि हो, झाकण लावून चालवा. जसं गळतं, तसंच चालवा."

दहा मिनिटं चालवलं. झाकण काढलं. पांढऱ्या पावडरीवर काळे ओघळ स्पष्ट उमटले होते. एक नव्हे, सात! आणि सातही बरोबर तिथे, जिथे साडूंनी काही ना काही नवंकोरं बसवलं होतं. साडूंनी भिंग लावून ते परत मोजले.

"सगळीच खराब निघाली?"

"एकच जागा असती तर मी जखम म्हटलं असतं," ताई म्हणाल्या. "सगळीकडून येतंय म्हणजे आत दाब वाढलाय. याच्या आतली हवा बाहेर पडते कुठून?"

साडूंचा आवाज एकदम मास्तरकीचा झाला. पिस्टनच्या कडेने थोडा धूर खाली उतरतो, तो आत कोंडू नये म्हणून एक रबरी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात, वगैरे.

"म्हणजे श्वासनळी. ती चोंदली असेल."

"शक्यच नाही. मी दोनदा फुंकून बघितली."

"झाकण उघडं असताना?"

"अर्थात उघडं असताना! बंद असताना मी तिथे तोंड कसं..." आणि साडू थांबले. मी त्यांचा चेहरा बघत होतो. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, आणि ते सहज गिळण्यासारखं नव्हतं.

शेडमध्ये भोकं बुजवायच्या लांबीचा डबा होता. ताईंनी तिचे सुपारीएवढे गोळे केले, इंजिनाच्या वरच्या बाजूला जागोजागी ठेवले आणि त्या नळीवर एक. झाकण बसवलं, सगळे स्क्रू आवळले, परत काढलं. बाकीचे गोळे होते तसेच होते. नळीवरचा कागदासारखा चपटा झाला होता. झाकण बसलं की नळीचा गळा आवळला जायचा, उघडलं की रबर परत फुलायचं, आणि कोणाला पत्ता नाही.

नळी तिथे आली कशी? तर मूळ नकाशात ती इंजिनाच्या बाजूने वळसा घेऊन खाली जात होती. ते साडूंना गबाळं वाटलं. त्यांनी ती वरून सरळ, सुबक काढली. दोन वर्षांपूर्वी ती मला मुद्दाम दाखवून म्हणाले होते, "नकाशा काढणाऱ्याला दृष्टी नाही हो."

मी त्या वाक्याची आठवण करून दिली नाही. फक्त नळीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. तेवढं पुरलं.

कॅप्टन म्हणाले, "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

साडूंनी नळी नकाशाप्रमाणे गबाळी केली, उचकटलेली दोन सीलं बदलली, परत पावडर टाकून, झाकण लावून अर्धा तास चालवलं. पावडर शेवटपर्यंत पांढरीच राहिली.

आता विमानाच्या प्रत्येक दुरुस्तीची वहीत नोंद करावी लागते. साडूंनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'ब्रीदर नळीच्या मांडणीत सुधारणा केली.' ताईंनी ते वाचलं.

"सुधारणा?"

"तसंच लिहितात."

"माझ्या वॉर्डात कोणी चार्टवर असं लिहिलं तर मी त्याला घरी पाठवते. चुकीचं औषध दिलं असेल तर चुकीचं दिलं असंच लिहायचं. पुढच्या पाळीच्या माणसाला कळायला नको?"

मी आणि बायको धावपट्टीवरच्या गवतात फार रस असल्यासारखे बाहेर गेलो. परत आलो तेव्हा साडूंनी पहिली ओळ खोडली होती आणि खाली लिहिलं होतं, 'नळी मी नकाशा सोडून चुकीची बसवली होती. त्यामुळे सात महिने तेल गळलं. चूक पत्नीने शोधली.'

तपासनिसाने ती नोंद दोनदा वाचली. म्हणाला, "वीस वर्षं या वह्या वाचतोय. चूक नेहमी कारखान्याची असते, हवेची असते, आधीच्या मालकाची असते." मग टोपी काढून ताईंना विचारलं, "तुम्ही वर जाणार का यांच्याबरोबर?"

"आधी ते एकटे दहा तास उडू देत. मग बघू," ताई म्हणाल्या.

साडू दहा तास उडले. दर खेपेला उतरल्यावर पोटाखाली पांढरा रुमाल फिरवून ताईंना आणून दाखवायचे, शाळकरी पोराने प्रगतिपुस्तक दाखवावं तसे. अकराव्या तासाला ताई बसल्या. पंचवीस मिनिटांनी खाली उतरून म्हणाल्या, "आवाज फार आहे." आणि दुपारची पाळी होती म्हणून निघाल्या. फाटकाजवळ मात्र त्यांनी थांबून वर बघितलं. वर काहीच नव्हतं, विमान तर शेडसमोर उभं होतं. तरी त्या बराच वेळ आकाशाकडे बघत राहिल्या, आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ड्यूटीवर उशिरा पोचल्या.

'वर येता का?' असं मलाही साडूंनी चारदा विचारलंय. माझी पाठ दुखते.