दीडशेच्या आत

आमचे कमलाकर म्हणजे मोजमापाचा माणूस. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं रक्त तपासतायत. घरी भाताला पाणीसुद्धा मेजरिंग कपने घालतात. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसला, तेव्हापासून त्यांनी शॉपिंगची पिशवी उचलली तरी कोणीतरी धावायचं. सगळ्यात आधी मीच. त्याचा त्यांना भारी राग. म्हणून एकसष्टाव्या वर्षी डर्बीशरच्या उघड्याबोडक्या मूरवरून, म्हणजे डोंगरमाळावरून, शंभर मैल सायकल चालवायच्या इव्हेंटला नाव देऊन बसले. मेडल आणून सगळ्यांची तोंडं बंद करायची होती.

मी भडकलेच. "अहो, मरायची एवढी हौस आलीय का?" चार दिवस घरात अबोला. शेवटी अट घातली. मनगटावरच्या घड्याळात ठोके दीडशेला पोचायच्या आत सायकलवरून उतरायचं. "डॉक्टरांच्या पत्रात दीडशेच लिहिलंय. घ्या माझ्या गळ्याची शपथ."

त्यांनी घेतली. पत्रात खरं तर एकशे पासष्ट होतं. पंधरा मी भीतीपोटी कापले आणि पत्र साड्यांखाली सारलं.

इव्हेंटच्या दिवशी मी फिनिशपाशी खुर्ची टाकून बसले. प्रत्येक सायकलवाल्याकडे ट्रॅकर होता, त्यामुळे फोनवर त्यांचा ठिपका दिसायचा. सपाटीवर बरा पळायचा, चढ आला की मुंगीच्या पावलांनी. मला कळलं, हे उतरून सायकल ढकलतायत. प्रत्येक चढावर! साडेचारला ठिपकाच गायब झाला. फोन लावला तर लागेना.

धावत जाऊन इव्हेंटची व्यवस्था बघणाऱ्या मार्शल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "शर्यत पुरी करायची त्यांची ठरलेली वेळ संपली. वाटेतल्या चौकीवर नंबर आणि ट्रॅकर परत केलाय. आमच्या गाडीत बसा म्हटलं तर ऐकेनात, आपल्या जबाबदारीवर येतायत."

म्हणजे मेडल गेलं. वर्षभर थंडीपावसात पहाटे उठून केलेली प्रॅक्टिस माझ्या त्या पंधरा आकड्यांनी खाल्ली. फार लाज वाटली मला.

पावणेआठला आले. फिनिशची कमान कधीच गुंडाळली होती. पाय चिखलाने माखलेले, चेहरा उतरलेला. काही बोलायच्या आधी त्यांनी मनगट पुढे केलं. दिवसभरातला सगळ्यात मोठा आकडा, एकशे एकोणपन्नास.

"अहो, पत्रात एकशे पासष्ट होतं हो. मी खोटं बोलले."

"माहितीये. मार्चमध्येच सापडलं मला, साड्यांखाली."

"मग ढकलत कशाला आलात? चढायचं की सरळ!"

त्यांनी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. "शपथ तुझ्या गळ्याची होती ना. डॉक्टरांच्या थोडीच?"

मी तिथेच, चारचौघांत, भोकाड पसरलं. मग नाक पुसून थर्मासमधला चहा त्यांना ओतून दिला.

"पुढच्या वर्षी एकशे पासष्ट," मी म्हणाले. "आणि वर एक जरी गेला, तर याद राखा."