हजाराच्या आतली बाटली घेऊन भंडारदऱ्याला

नगरच्या सावेडीहून आम्ही दोघी सकाळी दहाला निघालो. गाडीत पाणी, चिवडा आणि स्वेटर होते. ज्या वस्तूसाठी हा प्रवास ठरला होता, ती मात्र वाटेत घ्यायची होती.

सुलभा आणि मी एकाच शाळेत वीस वर्षं शिकवलं. तिचे मिस्टर प्यायचे. ते जाऊन तीन वर्षं झाली. तोवर घरातली बाटली लपवायची, नाहीतर मोरीत ओतायची, हेच तिचं काम होतं. गेल्या महिन्यात फिरायला गेलो असताना ती अचानक म्हणाली, “मला एकदा रेड वाईन पिऊन बघायचीय. नीट बसून, जेवताना. पण त्या घरातल्यासारखा वास आला, तर ग्लास ओतून टाकीन आणि परत नाव काढायचं नाही.”

एकच संधी होती, म्हणून मी बाटली निवडायचं काम अंगावर घेतलं. वाईनची मला थोडीफार जाण आहे, जावयाच्या कृपेने. रक्कम ठरली हजाराच्या आत, कारण त्याच्या वर सुलभा ऐकणार नव्हती.

पहिलं दुकान नगरमधलंच. बाटल्या काचेत उभ्या, थेट उन्हात, लेबलांचे रंग उडालेले. काउंटरवरच्या माणसाने न विचारताच एक पुढे केली.

“ही घ्या म्याडम. गोड आहे. लेडीज हीच नेतात.”

ती पोर्ट होती. स्वस्त पोर्टमध्ये आधी साखर लागते आणि मागून कडक दारूचा भपकारा येतो. सुलभाला नेमकी त्याचीच धास्ती.

“गोड नको. आणि उन्हातली नको, आतल्या खोक्यातली द्या.”

“आत काही नाही, हाच माल. दारूला काय होतंय हो!”

मी गाडीत येऊन बसले. सुलभाने विचारलं, “मिळाली?”

“मिळत होती. घेतली नाही.”

राहुरी, कोल्हार, लोणी करत संगमनेर गाठायला साडेबारा वाजले. इथल्या दुकानदाराचा माल मागच्या अंधाऱ्या, गार खोलीत होता. त्याने आधी एक परदेशी बाटली आणली. मी परत केली. त्या किमतीत कर आणि जहाजाचं भाडंच जास्त, आत काय येणार? नाशिककडची शिराझ जातीच्या द्राक्षांची रेड वाईन मागितली. ती मसालेदार जेवणाला चालते. भरल्याची तारीख पाहिली, गेल्याच वर्षीची. या किमतीची वाईन ठेवून सुधारत नाही, ताजी असलेली बरी. दोन बाटल्या उरल्या, एक बुचाची आणि एक झाकणाची.

“बुचाची न्या ताई. भारी दिसते. झाकणाची म्हणजे कशी, खोकल्याच्या औषधासारखी.”

“भेट द्यायची नाहीये, प्यायचीये. भंडारदऱ्यात बूच कशाने काढू, दाताने?”

तो हसला. झाकणाची बाटली सवयीने वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातली. या वेळी सुलभा दुकानाच्या दारात उभी होती. ती पिशवी पाहून तिचा चेहरा बदलला. मी तिथेच पिशवी आणि कागद काढून दुकानदाराला परत दिले आणि बाटली डिकीत ठेवली.

अकोले गावाच्या अलीकडे टायर बसला. भर दुपार. स्टेपनी काढायची म्हणून डिकीतलं सामान रस्त्याकडेला मांडलं, त्यात बाटलीही. टायर मला बदलता येतो, पण एक नट हलेना. शेजारच्या द्राक्षबागेतून एक शेतकरी आले. टोपी, गळ्यात तुळशीची माळ. पान्यावर पाय देऊन त्यांनी नट सोडवला आणि मग त्यांची नजर बाटलीवर गेली. आता प्रवचन ऐकायचं, अशी मी तयारी ठेवली.

“ही उन्हात का ठिवली?” ते म्हणाले. “वाईनच हाय न्हवं? आमचा माल जातो कारखान्याला. खुडा बी आमी पहाटंच करतो. घड तापला की गाडी माघारी धाडत्यात. आन् तुमी तर तयार माल भाजाया ठिवलाय!”

सुलभा सकाळपासून पहिल्यांदा हसली. “तुम्ही घेता का कधी?”

“न्हाई बा. माळकरी हाय मी.”

“मग चांगली-वाईट कसं कळतं?”

“द्राक्ष कळतंय की! म्होरचं ज्याचं त्यानं बघावं.”

त्यांनी बागेतून गोणपाट (पोत्याचं जाड कापड) ओलं करून आणलं, बाटलीला गुंडाळलं आणि ती थेट सुलभाच्या हातात दिली. “मांडीवर घ्या. डिकी म्हंजी भट्टी हाय.”

राजूर गेलं, डोंगर जवळ आले, तरी सुलभाने बाटली खाली ठेवली नाही. “साडी भिजली माझी,” एवढंच म्हणाली.

धरणाकाठी एका घरगुती निवासात उतरलो. तिथल्या हिराबाईंनी बाटली उचलली ती फ्रीजरमध्येच घातली. “बिअरवालं पाव्हनं असंच सांगत्यात.” मी ती काढून खालच्या कप्प्यात ठेवली. अर्धा तास पुरे. स्टीलचे पेले परत करून चहाचे काचेचे ग्लास मागितले.

ऊन पाण्यावरून सरकत होतं तेव्हा ताटं आली. गावठी कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी. मी झाकण फिरवलं, आधी माझ्या ग्लासात ओतून वास घेतला. पिकलं जांभूळ, थोडी मिरी. आंबूस काही नाही. मग तिला दिली.

सुलभाने ग्लास नाकाशी धरला. बराच वेळ. मी मोरी कुठे आहे ते पाहून ठेवलं होतं.

“तो वास नाहीये,” ती म्हणाली. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. “तुरट आहे गं!”

“रश्शाबरोबर घे.”

घेतली. मग आणखी एक घोट. तो ग्लास तिने तासभर पुरवला. मी पुन्हा ओतायला गेले, तर तिने ग्लासावर हात ठेवला. “बास.” बाटली माझ्याकडून घेतली, झाकण फिरवून घट्ट बसवलं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

“उघडलेल्या बाटलीला परत झाकण लागलेलं आमच्या घरी मी कधी पाहिलं नाही.”

हिराबाई ताटं उचलत होत्या. “मंग भाकरी वाढू का अजून?” त्यांनी विचारलं. सुलभाने एक घेतली.

दुसऱ्या दिवशी परतताना बाटली गोणपाटात, पुन्हा तिच्याच मांडीवर. सावेडीत शिरताना मी विचारलं, “माझ्याकडे ठेवू का?” ती नको म्हणाली. चार-पाच दिवसांच्या वर ठेवू नकोस, एवढं मी बजावलं.

कुणी विचारलं तर सांगते: सावलीत ठेवलेली घ्या, ताजी घ्या, गोड नको आणि झाकणाला नाक मुरडू नका. हजाराच्या आत चांगली मिळते, फक्त एखाद्या दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडता आलं पाहिजे.

तीन दिवसांनी, मंगळवारी, सुलभाकडे चहाला गेले. दूध काढायला तिने फ्रीज उघडला. बाटली दारातच उभी होती, कुणालाही दिसेल अशी. अजून चार बोटं शिल्लक होती.