फाईल उघडत न्हाई, असं मी म्हणालो

लेकीला मी सांगितलं, फाईल उघडत नाही. ते खोटं होतं. फाईल उघडली होती, मी ती ऐकलीही होती, आणि ऐकता ऐकता बंद केली होती.

लेक पुण्याला नांदते. तिचा कॉलेजातला कॉम्प्युटर पारनेरला आमच्या पुढच्या खोलीत पडून होता. मागच्या दिवाळीला आली तेव्हा तिनं आईला त्यावर आवाज भरायला शिकवलं. हे दाबायचं, बोलायचं, झालं की परत दाबायचं. आईनं हुलग्याचे शेंगोळे कसे करायचे ते सवडीनं सांगून ठेवायचं आणि लेक पुढच्या खेपेला घेऊन जाणार, असं ठरलं. मी म्हणालो, "म्हातारीला आता बालवाडीत घाला." बायको बटणं दाबून बघतच राहिली. आठ-दहा दिवसांनी तिनं लेकीला फोनवर सांगितलं, भरून ठेवलंय.

पौषात ती गेली. झोपेतच गेली. लेक आली, तेराव्यापर्यंत राहिली, पण तेव्हा कुणाला सुचतंय असलं काही.

चैत्रात तिचा फोन आला. "आबा, आईनं भरलेलं ते शोधा की. माझ्या शेंगोळ्यांचा पार लगदा होतोय."

मी चौथी शिकलेलो. इंग्रजी अक्षरं मला किड्या-मुंग्यांसारखी दिसतात, आकडे तेवढे वाचतो. तरी कॉम्प्युटर चालू केला आणि फोन कानाला लावून बसलो.

"पिवळं पाकीट दिसतंय का?"

"पिवळी पाकिटं ढीगभर हायती."

"पहिल्यावर दोनदा टिचकी मारा. पटापट."

"मारली. काय झालं न्हाई."

"सावकाश मारली असंल. आबा, आईला एका दिवसात आलं हुतं."

"तिला लेक होऊन शिकवलंस. मला फौजदार होऊन शिकवतीस."

ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

माझी बोटं आखडलेली. दुसरी टिचकी पडेपर्यंत पहिलीचा दम जायचा. एक पाकीट उघडलं तर आत सातबाऱ्याचा फोटो, दुसऱ्यात तिचे कॉलेजचे फॉर्म. शेवटी ती म्हणाली, नाव बघूच नका, पुढं तारीख असती ती बघा, दिवाळीनंतरची. तेवढ्यात तिच्या दारात कुणी आलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच बसलो. तारखांवरून बोट फिरवत खाली गेलो आणि ती फाईल सापडली. दोन टिचक्या पहिल्याच झटक्यात बसल्या.

बायको खाकरली. मग म्हणाली, "हुलग्याचं पीठ दोन वाट्या घ्यायचं बाई. लसूण, जिरं, मिरची वाटून त्यात घालायची. घट्ट मळायचं. हातावर वळायचे, करंगळीवानी." मी तसाच बसून राहिलो. तीन महिन्यांनी तिचा आवाज ऐकत होतो. "आता फोडनी. पानी किती टाकायचं, तर…"

आणि मी ओरडलो. कॉम्प्युटरातला मी. "त्या डबड्यासंगं काय बडबडती? चहा टाक आधी."

ती म्हणाली, "टाकते."

मी फाईल बंद केली. पुसून टाकायचं बटण कुठलं, ते लेकीनं दाखवलेलं होतं, त्याला हात लावू नका म्हणून. मी त्यावर बोट ठेवलं. दाबलं नाही. पण लेकीला फोन करून सांगितलं, उघडत न्हाई, बिघडलीय. ती म्हणाली, "असू द्या आबा. तुमी एवढं केलं तेच लई झालं."

ते शब्द मला पचले नाहीत. दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. बायको असताना तिला बोललेलं कधी टोचलं नव्हतं. माझी पद्धतच तशी, असं म्हणून मोकळा व्हायचो.

तिसऱ्या दिवशी मीच फोन लावला. "फाईल चांगली हाय. मी लबाड बोललो. मी तुझ्या आईला मधीच उठवलं, म्हणून तुला सांगितलं न्हाई."

ती म्हणाली, "मला ऐकवा."

मी फोन कॉम्प्युटरजवळ धरला. माझं ओरडणं आलं, बायकोचं 'टाकते' आलं. या वेळी मी बंद केलं नाही. बटण परत दाबायचं ती विसरली होती, त्यामुळे पुढंही भरलं गेलं होतं. स्टोव्हचा आवाज. कपबशी. मग लांबून ती: "संध्याकाळी शेंगोळे करू का? पोरीला सांगता सांगता मलाच खावंसं वाटाय लागलं."

"कर काय करायचं ते," मी.

पुढं पंख्याची घरघर. फोडणीचं पाणी किती, ते कुठंच नव्हतं.

लेकीनं हळूच विचारलं, "आबा, त्या दिवशी केल्ते का तिनं?"

केले असतील. मी ताट पुढं ओढून खाल्ले असतील, हात धुऊन उठलो असेन. खूप आठवून पाहिलं.

"मला आठवत न्हाई," मी म्हणालो.