आत्याच्या कोपराइतकी गाडी

आमचे बाबा कमानपाट्यांचे कारागीर. ट्रकच्या मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची एक वाकडी थप्पी असते, सगळा भार ती झेलते. वर्षानुवर्षं माल वाहून ती बसली की गाडी मागून वाकते आणि मालक बाबांकडे येतो. बाबा पाटे उतरवतात, भट्टीत लाल करतात, घणाने ठोकून पुन्हा कमान देतात आणि गाडी ताठ उभी करतात. चाळीस वर्षं त्यांनी गाड्या वर उचलायचंच काम केलं. त्यामुळे आत्या येऊन म्हणाली, "बाळ्या, माझी गाडी मागून खाली बसवून दे," तेव्हा त्यांना ती चेष्टाच वाटली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. एकसष्ट वर्षांच्या, टक्कल पडलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारी ती एकटीच उरली आहे. उंची जेमतेम चार फूट आठ इंच, आवाज मात्र सहा फुटी माणसाचा. तिची रोपवाटिका आहे. आठवड्यातून चार दिवस ती पिकअपमध्ये कुंड्या भरून बाजाराच्या चौकात नेते, मागचा फाळका पाडते आणि त्याच्यावरच दुकान मांडते.

पिकअप आमच्या आजोबांची. फुगीर नाकाची, गोल दिव्यांची, एके काळी निळी असलेली. आजोबा तिच्यातून दगड वाहायचे, म्हणून मागून ती चांगलीच उंच. फाळका आत्याच्या छातीशी यायचा, त्यावर कुंड्यांची रांग लागली की गिऱ्हाइकाला झाडं दिसायची आणि झाडांमागून भाव ऐकू यायचा. इतकी वर्षं तिने ते निभावून नेलं. पण यंदा तिचा उजवा खांदा धरला आणि डॉक्टरांनी तंबी दिली, की हात छातीच्या वर नेऊन वजन उचलायचं नाही.

"स्टूल घे एक," बाबा म्हणाले.

"स्टुलावर चढून कुंडी उचलू, मग कुंडी घेऊन उतरू? मी रोपं विकते, सर्कशीत नाहीये."

"मग हाताखाली माणूस ठेव."

"आणि तो तुझ्यासारखा वाद घालणारा निघाला तर?"

बाबा तरी हो म्हणेनात. "चांगली ताठ गाडी कशाला बसवायची," एवढंच पुटपुटत राहिले. आत्याने किल्ली ऐरणीवर ठेवली, "गुरुवारी येते" म्हणाली आणि बसने घरी गेली.

ते का अडून बसले होते, ते मला आईने सांगितलं. त्या पिकअपला दोन जादा पाटे बाबांनीच घातले होते, विसाव्या वर्षी. काम शिकवणाऱ्या उस्तादांच्या मदतीशिवाय केलेलं ते त्यांचं पहिलं काम. आजोबा दिवसभर दगड भरून गाडी फिरवून आले, तरी ती बोटभरसुद्धा बसली नव्हती. आजोबांच्या तोंडून कधी कौतुक निघत नसे. त्या दिवशी ते बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जमलं तुला." आता तेच दोन पाटे काढायचे म्हणजे बाबांच्या जिवावर आलं होतं.

पण मोठ्या बहिणीपुढे त्यांचं आजवर कधी चाललं नाही. बुधवारी त्यांनी तोंड पाडून पाटे काढले. गाडी दोन इंच खाली आली. आत्या गुरुवारी घेऊन गेली आणि शनिवारी परत आली, ती हौद्यात मातीचा आणि खापरांचा ढीग घेऊनच.

"पहिल्याच गतिरोधकावर मागून असा धडाका बसला," ती म्हणाली, "की माझी कवळी हलली. सात कुंड्या गेल्या. आणि एवढं करून फाळका अजून इथेच." तिने हात छातीशी आडवा धरला.

"मी म्हटलंच होतं. पाटे कमी केले की ताकद जाते, भार आला की आक्सल जाऊन चेसिसवर, गाडीच्या सांगाड्यावर आपटतो." हे सांगताना बाबांचा चेहरा बुधवारपासून पहिल्यांदा खुलला. ते दोन्ही पाटे त्यांनी तिथल्या तिथे परत चढवले.

आत्या मात्र गप्प बसणारी नव्हती. गाडीखालच्या खळग्यात ती स्वतः उतरली. मी शिक्षिका, शाळेला सुट्टी होती; मुलांच्या वह्या तपासायच्या सोडून मी तिच्यासाठी दिवा धरून उभी राहिले. तिने बराच वेळ वर बघितलं.

"बाळ्या, दोन्ही चाकांना जोडणारा हा जाड दांडा, हाच तुझा आक्सल ना?"

"हो."

"तो पाट्यांच्या खाली का बांधलाय?"

"तसाच असतो."

"पण का?"

"कंपनीतूनच तसा येतो, ताई."

"आणि पाट्यांच्या वर बांधला तर?"

बाबांनी खिशातून खडू काढला. मग ते फरशीवर उकिडवे बसले. चाकं जमिनीवर, म्हणजे आक्सल जागचा हलणार नाही. पाटे त्याच्या वर बसवण्याऐवजी त्याच्या खाली टांगले, की पाट्यांसकट सगळी गाडी खाली येणार. किती, तर आक्सलची जाडी अधिक थप्पीची जाडी. त्यांनी पट्टी लावली. सहा इंच. आणि पाटा एकही काढायचा नाही.

"ताई," ते म्हणाले, "तू आधी का नाही उतरलीस खळग्यात?"

पुढचे आठ दिवस त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. आत्याला भिंतीशी उभी करून, हात कोपरात वाकवायला लावून त्यांनी खडूने खूण केली.

"हलू नकोस."

"ब्लाउज शिवतोयस का माझा?"

पाटे टेकवायला आक्सलच्या उलट्या बाजूने नव्या बैठका वेल्ड केल्या. आता आक्सल चेसिसच्या अगदी जवळ येणार होता, म्हणून चेसिसला दोन्हीकडे अर्धगोल खाच कापली आणि कापलेल्या जागी कमजोरी राहू नये म्हणून जाड पट्टी वाकवून जोडली. जुने शॉकअप लांब पडले, आखूड आणले. इंजिनकडून येणारा शाफ्ट तिरका लागून थरथरेल ही धास्ती त्यांना होती. बैठका कायमच्या जोडण्याआधी त्यांनी तो कोन चारदा मोजला. आई मला म्हणाली, तुझ्या जन्माच्या वेळी ते एवढे घाबरले नव्हते.

मग हौद्यात वाळूची पोती भरून ते त्याच गतिरोधकावर गेले. शेजारच्या सीटवर आत्या, मांडीवर लिंबाचं रोप. पहिल्यांदा हळू, मग जरा जोरात, मग आत्या म्हणाली, "आता मी चालवते तसं चालव," तेव्हा खरोखर जोरात. गाडी खाली दबली, अलगद वर आली. कुठे आवाज नाही. बाबांनी गाडी बाजूला घेतली, उतरून खाचेत हात घातला. रंगसुद्धा खरवडला नव्हता.

सोमवारी आम्ही सगळे चौकात गेलो, गाडी बाबांनीच चालवली. आत्याने फाळका पाडला, तो बरोबर तिच्या कोपराशी आला. खांदा न उचलता तिने एकामागून एक कुंड्या मांडल्या, वेळ निम्मा लागला. पंधरा वर्षं तिच्याकडून रोपं नेणारा न्हावी आला आणि थबकला.

"बाई, तुम्ही चष्मा कधीपासून लावता?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच्या आधीपासून," आत्या म्हणाली.

बेकरीवाल्या बाईंनी गाडीला दोन फेऱ्या घातल्या आणि विचारलं, आमच्या व्हॅनचं असं करता येईल का, पावाचे ट्रे चढवताना कंबर जाते. बाबा त्यांना आक्सल वर आणि पाटे खाली हे समजावायला लागले, ते अर्धा तास. मध्येच म्हणाले, "युक्ती खरं तर ताईची आहे." आत्याने ते ऐकलं, पण पाणी घालत राहिली. सगळी झारी एकाच कुंडीत रिकामी झाली, ते मी पाहिलं.

संध्याकाळी कुंड्या संपल्या. आत्याने गाडी सुरू केली, थोडी पुढे नेली आणि लगेच थांबवली. खिडकीतून मान बाहेर आली.

"बाळ्या, मागून बसली ते झकास झालं. पण आता पुढून नाक वर आलंय. बसल्यावर मला फक्त बॉनेट आणि आभाळ दिसतं."

बाबा उंच. इतक्या फेऱ्या मारूनही हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते पुढे जाऊन वाकले आणि पुढच्या चाकाखाली डोकावून बघू लागले.

"उद्या आण," ते म्हणाले. "आणि खळग्यात उतरायची तयारी करून ये."